जतन केलेला शोध

नोंदींच्या ॲपमध्ये शोध जतन केला की साठवले जातात ते निकाल नव्हे, तर अटी. त्यामुळे तो उघडावा तेव्हा यादी नव्याने तयार होते. काल लिहिलेली नोंदही तीत आपोआप येते.

ॲपलच्या 'नोट्स'मध्ये ही सोय 'स्मार्ट फोल्डर' या नावाने 2021 मध्ये, आयओएस 15 सोबत आली. 'घरखर्च' हा टॅग असलेल्या नोंदी त्यात एकत्र दिसतात, पण प्रत्येक नोंद मूळ फोल्डरमध्येच राहते. 'ऑब्सिडियन'मध्ये शोध बुकमार्क करता येतो. त्याहून उपयोगी म्हणजे शोधाची ओळ एखाद्या नोंदीतच बसवता येते; 'या आठवड्यातली कामे' ही नोंद उघडली की टिक न झालेली कामे खाली हजर. 'एव्हरनोट'मध्ये मजकूर, टॅग, तारीख यांच्या अटी एकाच शोधात गुंफता येतात.

मराठीत एक मेख आहे. 'हिंदी' आणि 'हिन्दी' यंत्राला वेगळे शब्द वाटू शकतात. अशा वेळी दोन्ही रूपे 'किंवा'ने जोडून शोध जतन करावा. शोधाला नाव देताना 'शोध 1' टाळावे. 'न भरलेली बिले' बरे.