सैनिकाची सेवामुक्ती आणि घरच्यांची नावे

लष्करात दाखल होणाऱ्या तरुणाला निरोप देण्यास सारा गाव लोटतो. परंतु तोच तरुण पुढे पंधरावीस वर्षांनी सेवा आटोपून परततो, तेव्हा त्या परतण्यापूर्वी कोणकोणते सोपस्कार उरकावे लागतात याची कल्पना त्याच्या घरच्या माणसांनाही बहुधा नसते. पुणे-नगर रस्त्यावरील सुपा आणि त्याच्या भोवतालची पारनेर तालुक्यातील गावे घेतली, तर लष्करात माणूस नाही अशी वस्ती विरळाच. तेथील कुटुंबांच्या दृष्टीने सेवामुक्तीचे कागद म्हणजे केवळ सरकारी रद्दी नव्हे. पुढील कित्येक वर्षांची मीठभाकर त्यांवर अवलंबून असते.

सेवामुक्तीच्या वेळी जवानाची वैद्यकीय तपासणी होते. सरकारी सामान व ओळखपत्र परत करावे लागते, आणि कोणाचे काही देणे उरले नाही असा दाखला घ्यावा लागतो. त्याच्या हाती 'डिस्चार्ज बुक' पडते. त्यात त्याची सेवा, हुद्दा व वर्तणूक यांची नोंद असते. गावी आल्यावर हे पुस्तक घेऊन त्याने जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिक म्हणून नाव नोंदवावयाचे असते. माजी सैनिकांसाठी राखून ठेवलेल्या जागा, मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि २००३ साली सुरू झालेली आरोग्य योजना या सर्वांची वाट या नोंदीवरून व कागदांवरून जाते.

पैशाची बाजूही समजून घेण्याजोगी आहे. सामान्यतः १५ वर्षे सेवा झालेला जवान पेन्शनला पात्र ठरतो व अखेरच्या वेतनाच्या निम्मी रक्कम त्याला दरमहा मिळते. या पेन्शनचा निम्म्यापर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसा घेता येतो. समजा, पेन्शन २०,००० रुपये ठरली, तर त्यातील १०,००० रुपयांपर्यंतचा भाग असा विकता येतो. विकलेला भाग पुढे १५ वर्षांनी पूर्ववत चालू होतो. घर बांधावयाचे किंवा विहीर खोदावयाची म्हणून पुष्कळजण हा मार्ग पत्करतात. सुप्यापासून जवळच असलेल्या राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे १९७५ साली लष्करातून परतले, तेव्हा त्यांनी आपल्याजवळचा पैसा गावच्या देवळाच्या जीर्णोद्धारास लावला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. हजारे पडले अविवाहित. संसारी सैनिकाच्या कागदांत मात्र आणखी एक नाव असते, आणि खरी अडचण तेथेच उपस्थित होते.

पती निवर्तल्यावर पत्नीला कुटुंब-पेन्शन मिळते. तिचा सर्वसाधारण दर अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के आहे. ती मिळण्यासाठी लष्करी दप्तरातील पत्नी हीच, असे सिद्ध व्हावे लागते. आता आपल्याकडील रूढी पाहा. लग्नात मुलीचे आडनाव तर बदलतेच, पण पुष्कळ घरांत तिचे पाळण्यातले नावही बदलते. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, शिधापत्रिकेवर दुसरे, आणि जवानाने लग्नानंतर कळविले ते तिसरे, असा प्रकार सर्रास आढळतो. जन्मतारखेची कथा तीच. खरी तारीख ठाऊक नसली म्हणजे गुरुजींनी १ जून लिहून मोकळे व्हावे, ही महाराष्ट्रातील जुनी वहिवाट. पेन्शनचे वाटप आता 'स्पर्श' या संगणकीय व्यवस्थेतून होते. तेथे एका कागदावरील अक्षर दुसऱ्याशी जुळले नाही की काम अडते.

ही दुरुस्ती जवान पलटणीत आहे तोवर सुकर असते. त्याने कागदपत्रांसह अर्ज केला म्हणजे पलटणीचे कार्यालय तशी 'पार्ट टू ऑर्डर' काढते व ती नोंद रेकॉर्ड ऑफिसात जाते. विवाह, मुलांचे जन्म, नावातील बदल यांची दखल याच मार्गाने घेतली जाते. सेवामुक्तीनंतर मात्र प्रतिज्ञापत्र, दाखले, रेकॉर्ड ऑफिसकडे पत्रव्यवहार आणि मग पेन्शनच्या आदेशात दुरुस्ती, असा लांबचा पल्ला गाठावा लागतो. नगरला लष्कराचे मोठे ठाणे आहे, म्हणून सुप्याच्या माणसाचे काम तेथे होईलच असे नाही. रणगाडा दलाचे दप्तर नगरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला, तर महार रेजिमेंटचे थेट मध्य प्रदेशात सागरला. ज्याची जी पलटण, त्याचे ते दप्तर.

ज्या वेळी ही चूक उघडकीस येते, त्या वेळी ती निस्तरण्यास जवान स्वतः हयात नसतो. पलटणीचा क्रमांक, हुद्दा, रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता यांतले काही ठाऊक नसलेल्या विधवेला दुःखाच्या दिवसांतच आपण कोण हे सिद्ध करीत फिरावे लागते. तेव्हा शेवटच्या रजेवर घरी आलेल्या जवानाने एक संध्याकाळ या कामासाठी राखून ठेवावी. पत्नीचे व मुलांचे सारे कागद एकत्र मांडावेत, अक्षर अक्षराशी ताडून पाहावे आणि तफावत असल्यास पलटणीत परतताच अर्ज करावा. सेवामुक्तीनंतर डिस्चार्ज बुक व पेन्शनचा आदेश यांच्या नकला पत्नीच्या स्वाधीन कराव्यात आणि त्यांचा उपयोग तिला समजावून सांगावा. सीमेवर वर्षानुवर्षे पहारा करणाऱ्याने आपल्या घराचाही एवढा पहारा जाता जाता करून ठेवावयास हवा.