बापाची मान आणि पोराचे डोळे

जून महिना उजाडला की परतवाड्यात एक दृश्य हमखास दृष्टीस पडते. दहावी-बारावीचे निकाल लागलेले असतात, प्रवेशाची धांदल सुरू झालेली असते. मेळघाटातून उतरणाऱ्या एस.टी. गाड्यांतून आणि भोवतालच्या कापसा-संत्र्याच्या गावांतून माणसे शहरात येतात, ती बहुधा दोघे-दोघे : एक बाप आणि एक मुलगा. बापाच्या हातात कागदांची पिशवी असते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासाचा दाखला, सातबाऱ्याचा उतारा. खिडकीपलीकडचा माणूस ते कागद चाळतो आणि वर न पाहताच सांगतो, "हे चालत नाही. उद्या या." बाप म्हणतो, "बरं साहेब." ज्या माणसाच्या नुसत्या खाकरण्याने घरातली पोरे गप्प होतात, त्याच माणसाचा हा आवाज असतो. मुलगा त्या वेळी भिंतीवरच्या सूचनाफलकाकडे पाहत असतो. फलकावर त्याने वाचावे असे काही नसते. त्याला फक्त बापाच्या तोंडाकडे पाहावयाचे नसते.

मुलगा मोठा केव्हा होतो, या प्रश्नाची अनेक उत्तरे आपण ऐकत आलो आहोत. मिसरूड फुटले म्हणजे, पहिला पगार हाती आला म्हणजे, लग्न झाले म्हणजे, अशी ही उत्तरे. अल्प भांडवलावर निघालेल्या काही अलीकडच्या मराठी चित्रपटांनी मात्र या प्रश्नाचे निराळेच उत्तर दिले आहे. आपला बाप चारचौघांत मान खाली घालून उभा आहे, हे मुलगा ज्या दिवशी पाहतो त्या दिवशी त्याचे बालपण संपते, असे हे उत्तर आहे. ते कटू आहे, पण खरे आहे. त्याचा संबंध केवळ चित्रपट पाहणाऱ्यांशी नाही. खिडकीच्या आतल्या बाजूस आणि वर्गातल्या टेबलामागे बसणाऱ्या आपणा सर्वांशी तो आहे.

आई ठळक, बाप पुसट

मराठी पडद्याने आईला मानाचे आसन फार पूर्वीच दिले. आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई' १९५३ साली निघाला आणि १९५४ साली, राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, त्याने राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा मान मिळविला. साने गुरुजींच्या त्या कथेत वडीलही आहेत, कर्जाच्या तगाद्याने गांजलेले आहेत. परंतु आपल्या स्मरणात राहिली ती आई. पुढे बरीच वर्षे आपल्या चित्रपटांतील वडील एक तर करड्या शिस्तीचे गृहस्थ असत, नाही तर शेवटच्या प्रसंगात डोळे पुसणारे. ते घराबाहेर पडल्यावर त्यांना कोण काय बोलते, हे पडद्यावर क्वचितच दिसे.

हिंदीत या विषयाला हात घातला तो विक्रमादित्य मोटवाने यांच्या 'उडान'ने. २०१० साली हा चित्रपट कान महोत्सवातील 'अँ सर्टन रिगार्ड' या विभागात दाखविला गेला, आणि थोड्या खर्चात, नवख्या मुलाला घेऊन काढलेल्या चित्रपटाने केवढी मजल मारली म्हणून त्याचे कौतुक झाले. जमशेदपूरच्या एका घरातली ही कथा. बाप भैरवसिंह मुलांकडून स्वतःला 'सर' म्हणवून घेतो. कविता करू पाहणाऱ्या मोठ्या मुलाला तो कारखान्यात जुंपतो, हात उगारतो, मुलाची स्वप्ने पायदळी तुडवितो. अखेरीस बाप मागे धावत असता मुलगा त्याच्या हाती लागत नाही, आणि धाकट्या सावत्र भावाला घेऊन घर सोडतो. प्रेक्षक मनोमन टाळी देतो, आणि ते योग्यच आहे. मारकुट्या बापाच्या घरात मुलाने राहावे असे कोणीही म्हणणार नाही.

तथापि एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. भैरवसिंह हा कारखान्याचा मालक आहे. त्याची सत्ता घरात चालते तशी थोडीबहुत बाहेरही चालते. आमच्या वऱ्हाडातल्या बहुसंख्य बापांची सत्ता उंबरठ्याच्या आत सुरू होते आणि उंबरठ्यावरच संपते. अशा बापापासून पळून जाऊन मुलगा काय मिळवील? ज्या परिस्थितीने बापाची मान वाकविली, तीच पुढच्या वळणावर त्याचीही वाट पाहत असते. मराठी चित्रपटांनी उचललेला प्रश्न म्हणूनच अधिक अवघड आहे.

पाळत ठेवणारे पोर

त्यांतला पहिला दाखला आपल्याच मातीतला आहे. सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' २००९ साली आला. नावातच वऱ्हाडी शिवी आहे, आणि ती पावसाला दिलेली आहे. गिरीश कुलकर्णी यांचा किसना हा विदर्भातला कापूस पिकविणारा शेतकरी. सोनाली कुलकर्णी यांची अलका ही त्याची पत्नी. दिनू हा त्यांचा लहानगा मुलगा. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यानंतर अलकाच्या मनात भीती घर करते. आपल्या धन्यानेही तेच केले तर? मग ती दिनूला सांगते, बापाच्या मागे-मागे राहा, त्याला एकटा सोडू नकोस. जगाच्या रीतीप्रमाणे बाप पोरावर नजर ठेवतो. येथे सहा-सात वर्षांचे पोर बापावर पाळत ठेवते. चित्रपटात या प्रसंगांना विनोदाची झालर आहे, पण हसता हसता घसा दाटून येतो. ज्या वयात बापाच्या खांद्यावर बसून पोळा पाहावयाचा, त्या वयात बापाच्या जिवाची राखण करावी लागणे, याहून अकाली प्रौढपण ते कोणते?

राजेश पिंजानी यांचा 'बाबू बँड बाजा' हा दुसरा चित्रपट, तोही विदर्भाच्याच परिसरातला. २०१० सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचा इंदिरा गांधी पुरस्कार त्याला मिळाला; मिताली जगताप यांना अभिनयाचा, तर विवेक चाबुकस्वार या मुलाला बालकलाकाराचा सन्मान लाभला. मिलिंद शिंदे यांनी उभा केलेला बाप बँडवाला आहे. दुसऱ्याच्या वरातीपुढे वाजविणे हा त्याचा पिढीजात धंदा. आई जुन्या कपड्यांवर भांडी देत दारोदार हिंडते आणि पोराने शिकावे म्हणून हट्ट धरते. वह्या-पुस्तकांवाचून, गणवेशावाचून पोराला वर्गात बसवावयाचे कसे, हा प्रश्न त्या घरावर धोंड्यासारखा येऊन पडतो. बाप शिक्षणाला विरोध करतो, तो मुलाचा वैरी म्हणून करीत नाही. शाळेची पायरी आपल्यासारख्याला मानाने चढू देत नाही, बँड निदान भाकरी देतो, असा हिशेब त्याने आपल्या आयुष्यावरून मांडलेला आहे. हिशेब चुकीचा असेल. पण तो त्याला कोणी शिकविला, हे विचारावयास नको काय?

दगड कोणाकडे गेला?

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) हा या मालिकेतला सर्वांत धारदार चित्रपट. मुलीच्या लग्नासाठी पैसा हवा म्हणून किशोर कदम यांचा कचरू गावातली डुकरे धरण्याचे काम पत्करतो. जब्या हा त्याचा शाळकरी मुलगा एका सवर्ण वर्गमैत्रिणीवर मनोमन जीव लावून बसलेला आहे. डुकरांमागे धावताना वर्गातली पोरे आपल्याला पाहतील या धास्तीने तो लपत राहतो. बाप ओरडतो, शिव्या देतो, अखेर हात टाकतो. भोवती जमलेले गाव हसत असते. ऐन वेळी शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि बाप-लेकांना जागच्या जागी उभे राहावे लागते, डूक मात्र निघून जाते. हा प्रसंग पाहिलेला माणूस तो सहसा विसरत नाही.

चित्रपटाच्या अखेरीस जब्या दगड उचलतो. येथेच 'उडान' आणि 'फँड्री' यांच्यातला फरक उघड होतो. काही क्षणांपूर्वी ज्याने चारचौघांत मारले तो बाप जवळच आहे. पण दगड बापाकडे जात नाही. तो हसणाऱ्यांकडे जातो, आणि पडद्याबाहेर बसलेल्या आपल्याकडेही येतो. बाप मला मारतो, पण बापाला कोण मारते, हे त्या मुलाला एका संध्याकाळी कळून चुकलेले असते. मोठे होणे म्हणतात ते हेच.

मकरंद माने यांच्या 'रिंगण'ने याच प्रश्नाची हळवी बाजू दाखविली. २०१५ सालचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. कर्जाने पिचलेला अर्जुन मगर आणि त्याचा मुलगा अभिमन्यू पंढरपुरी जातात. आई देवाघरी गेली, हे पोराने शब्दशः खरे मानलेले असते आणि ते तिला शोधू पाहते. बापाला जगण्यासाठी कारण हवे आहे आणि पोराला खरे बोलणारा बाप हवा आहे.

हे चित्रपट मोठ्या भांडवलाचे असते तर असे निघाले असते काय, याची शंका वाटते. लाखोंच्या मानधनाचा नायक हरलेला चालत नाही. निदान शेवटी तरी त्याने जिंकावे लागते. थोडक्या पैशांत खऱ्या गावात, खऱ्या घरात चित्रण करणाऱ्याला हे बंधन नसते. जब्याची भूमिका करणारा सोमनाथ अवघडे हा सोलापूर जिल्ह्यातल्या खेड्यातला शाळकरी मुलगा होता; तरीही, किंबहुना म्हणूनच, त्याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

समजणे म्हणजे माफी नव्हे

यावर कोणी आक्षेप घेईल की, अशाने बापाच्या मारझोडीचे आणि दारूचे समर्थन होते. आक्षेप रास्त आहे. बाहेरचा अपमान घरात येऊन बायको-पोरांवर काढणे हा अन्यायच आहे, आणि परिस्थितीचे निमित्त सांगून तो पुसला जात नाही. मुलीही हे सारे पाहतात आणि त्यांच्या वाट्याला तर अधिकच येते. त्यांचे चित्रपट अजून पुरेसे निघालेले नाहीत. पण एखाद्या गोष्टीचे मूळ जाणणे म्हणजे तिला माफी देणे नव्हे. मूळ जाणल्यावाचून ती थांबविता येत नाही, एवढाच येथे मुद्दा आहे.

आणि हे मूळ पुष्कळदा आपल्या टेबलावर असते. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षण दिले, शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही बंदी केली. तरीही भर वर्गात 'अमुक-अमुक उभे राहा, तुमच्या वडिलांनी अजून पैसे भरले नाहीत' असे म्हटले जाते, तेव्हा कायद्याचे कलम कोणाच्या ध्यानात असते? शेतकरी आत्महत्यांचे उदाहरण याहून दारुण आहे. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी अमरावती, अकोल्यासह विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्याच वर्षापासून आत्महत्याग्रस्त कुटुंबाला राज्य शासनाची एक लाख रुपयांची मदत ठरली. परंतु ती 'पात्र' प्रकरणांनाच. कर्ज, वसुलीचा तगादा आणि नापिकी कागदोपत्री सिद्ध झाली तर पात्र, नाही तर अपात्र. नियमाला नियमाची भाषा लागते, हे मान्य. पण सोळा वर्षांच्या मुलाने बापाच्या मृत्यूवर मारलेला 'अपात्र' हा शिक्का वाचावा, याचा विचार तो शब्द निवडताना कोणी केला असेल असे वाटत नाही.

शेतीच कशाला? अचलपूरच्या फिनले मिलची चाके २०२०च्या टाळेबंदीत थांबली. डबा घेऊन पाळीवर जाणारा बाप दिवसा घरी बसलेला मुलांनी पाहिला. त्या घरांतून काय बोलले गेले आणि काय बोलले गेले नाही, त्याचा चित्रपट अजून निघावयाचा आहे.

आपल्या हाती काय आहे? पुष्कळ आहे. लागणारे सर्व कागद एकदाच, एका चिठ्ठीवर लिहून देण्यास शासननिर्णय लागत नाही. म्हाताऱ्या माणसाला 'बसा' म्हणण्यास तरतूद लागत नाही. पैशांची बाब वर्गाबाहेर, एकट्याशी बोलण्यास शिक्षकाला वरिष्ठांची परवानगी लागत नाही. वरच्या वर्गांना परीक्षेनंतरच्या रिकाम्या दिवसांत यांपैकी एखादा चित्रपट शाळेच्या सभागृहात दाखवावा, आणि मग 'माझे आदर्श वडील' या ठरीव निबंधाऐवजी 'माझे वडील दिवसभर काय करतात' यावर एक पान लिहावयास सांगावे. काही वह्यांत असे काही सापडेल की, शिक्षकाला ते मोठ्याने वाचवणार नाही.

बापांनीही थोडे बोलावे. खिडकीवरून परत जाताना, एस.टी.ची वाट पाहत असता, 'आज मला त्या माणसाचा राग आला होता, पण काम तुझे होते' एवढे जरी बापाने सांगितले, तरी सूचनाफलक पाहणाऱ्या मुलाला आपला बाप पुन्हा गवसेल. मुलानेही घरी जाऊन त्या गप्प बसण्याला भित्रेपणा म्हणू नये. ते पुष्कळदा त्याच्याच प्रवेशासाठी गिळलेले असते.

पुन्हा जून येईल, पुन्हा खिडकीसमोर रांग लागेल. एखादा कागद खरोखरच अपुरा असेल आणि तो परत करावाच लागेल. तो परत करताना आतल्या माणसाने मान वर करावी, बापाशेजारी उभ्या असलेल्या त्या मुलाकडे एकदा पाहावे, आणि मग काय ते बोलावे.