बंदीची पाटी कोणासाठी?

कल्याण जंक्शनला मुंबईहून आलेला रूळ दोन वाटांना फुटतो. एक वाट कसाऱ्याकडे जाते, दुसरी कर्जतकडे. शनिवारी रात्री पाठीवर सॅक घेतलेले घोळके फलाटावर जमतात. शेवटची कसारा लोकल धरून साम्रद-रतनवाडी गाठणारे वेगळे आणि कर्जतला उतरून खांडसमार्गे भीमाशंकर चढणारे वेगळे. गेली तीस-पस्तीस वर्षे मीही या घोळक्यांतला एक आहे. अलीकडे तिथे एक वाक्य हमखास कानांवर पडते, 'आता काय, सगळीकडे बंदीच आहे.'

ही तक्रार मीही पुष्कळदा केली आहे. मी कायद्याचा पदवीधर नाही, प्राणिशास्त्राचाही नाही. कारखान्यातली नोकरी सांभाळून, सुटीच्या दिवशी कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात टेबलाशी बसून मी वन्यजीव कायदा कलमवार वाचून काढला, तो खरे तर वनखात्याशी भांडायला मुद्दे मिळावेत म्हणून. वाचून झाल्यावर भांडण शिल्लक राहिले, पण त्याचा विषय बदलला. तो बदल कसा झाला, ते सांगण्यासाठी हा लेख.

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की ज्याला आपण सरसकट 'बंदी' म्हणतो त्या मुळात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पावसाळा सुरू झाला की बदलापूरजवळचे कोंडेश्वर, कर्जतकडचे धबधबे, धरणांचे सांडवे अशा ठिकाणी जाण्यास मनाई होते. हा आदेश महसूल खात्याच्या दंडाधिकाऱ्यांचा असतो. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. त्याचा हेतू माणसाचा जीव वाचवणे हा आहे. असा आदेश एरवी दोन महिन्यांपलीकडे चालत नाही. त्यापुढे वाढवायचा तर राज्य सरकारला लक्ष घालावे लागते.

दुसरी बंदी वनखात्याची. तिचा आधार वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२. इथे जीव वाचवायचा असतो तो आपल्यापासून इतरांचा. पहिल्या बंदीत धोका पाण्याचा असतो, दुसरीत धोका आपण असतो. पण दोन्ही पाट्या सारख्याच दिसतात. लाल अक्षरे, 'प्रवेश निषिद्ध' आणि खाली कारवाईची ताकीद. पोहता येणाऱ्या तरुणाला पहिली पाटी आपल्यासाठी नाही असे वाटते आणि त्याच सवयीने तो दुसरीही ओलांडतो.

१९७२ च्या कायद्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. कलम २७ सांगते, की अभयारण्यात कोणाला जाता येईल. कामावर असलेला सरकारी नोकर, परवाना मिळालेला माणूस, हद्दीच्या आत ज्याची जमीन वा स्थावर हक्क आहे तो, सार्वजनिक हमरस्त्याने पलीकडे जाणारा वाटसरू आणि यांच्यावर अवलंबून असलेले लोक. बाकी सगळ्यांना फाटक बंद. कलम २८ मध्ये परवाना कशासाठी देता येईल त्याची यादी आहे. वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन आणि आत राहणाऱ्यांशी कायदेशीर व्यवहार. म्हणजे आपली भटकंती कायद्याच्या लेखी हक्क नाही, सवलत आहे. हे वाचून मी चिडलो होतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ ने देशभर मुक्त संचाराचे स्वातंत्र्य दिले आहे ना? दिले आहे. पण त्याच अनुच्छेदात सार्वजनिक हितासाठी वाजवी निर्बंध घालण्याची मुभाही आहे. आणि अनुच्छेद ५१-अ ने वने, तळी, नद्या, वन्यजीव जपणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले आहे.

पण 'निर्बंध वाजवी आहे का?' हा प्रश्न पुस्तकात बसून सुटत नाही. तो जागेवर जाऊन विचारावा लागतो. आपल्या परिसरातली तीन ठिकाणे घेऊ.

पहिले ठिकाण कसाऱ्याच्या वाटेवरचे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली जाहीर झाले. क्षेत्र सुमारे ३६१ चौरस किलोमीटर, तालुका अकोले. मे महिन्याच्या अखेरीपासून मृग बरसेपर्यंत इथली झाडे काजव्यांनी लखलखतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सात-आठ मित्रांना घेऊन मी तिथे गेलो होतो. हातात विजेऱ्या होत्या. कल्याणला मुलांना दाखवायला म्हणून एका बरणीत काजवे भरून घेतले. आमच्याबरोबर गावातले एक म्हातारबाबा होते. ते एवढेच म्हणाले, "वर काय बघताय सायेब, पायाखाली बघा." गवतात, आमच्या बुटांच्या आसपास, बारीक मंद ठिपके होते.

त्या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा, वाचनातून कळला. काजव्याचा प्रकाश म्हणजे नर-मादीतला निरोप. अनेक जातींत नर उडत लुकलुकतो आणि मादी गवतातून किंवा खालच्या झुडपातून उत्तर देते. अळी कित्येक महिने मातीत, पाचोळ्यात गोगलगायी खात वाढते. पंख फुटल्यावरचे आयुष्य मात्र थोड्या दिवसांचे. त्या थोड्या रात्रींत विजेरीचा, मोटारीच्या दिव्यांचा झोत पडला की निरोप पोचत नाही. गवत तुडवले की उत्तर देणारीच मरते. बरणीतले काजवे कल्याणला पोचेपर्यंत विझले होते, हेही सांगून टाकतो. अभयारण्यातून वन्यजीव बाहेर नेणे आणि त्यांचा अधिवास बिघडवणे याला कलम २९ ची मनाई आहे. तेव्हा मला ते ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी ती बरणी घरी ठेवली असती का, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. आज तिथे काजव्यांच्या दिवसांत रात्री परतण्याची वेळ ठरवून देतात, झगझगीत दिवे आणि फ्लॅश नको म्हणून सांगतात. हा निर्बंध माझ्यासारख्यांनीच ओढवून आणला आहे.

दुसरे ठिकाण त्याच मार्गावर, पण अलीकडे. आसनगाव-आटगावच्या बाजूचे तानसा अभयारण्य. रानपिंगळा हा लहानसा घुबडवर्गीय पक्षी १८८४ नंतर शास्त्रज्ञांच्या नजरेतून नाहीसा झाला होता. ११३ वर्षांनी, १९९७ साली, तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला. २०१४ मध्ये त्याची नोंद तानसात झाली. आपल्या लोकलच्या टप्प्यात असा पक्षी असणे ही अभिमानाची गोष्ट. पण त्यामागोमाग कॅमेरेही आले. पक्षी पुढे यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवायची युक्ती छायाचित्रकारांत रूढ आहे. पक्ष्याला वाटते, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. तो खाणे, घरटे सोडून भांडायला येतो. फोटो उत्तम मिळतो. अशी वीस माणसे महिनाभर आली तर त्या जोडप्याचा विणीचा हंगाम खोट्या शत्रूशी लढण्यात जातो. कायद्यात 'मोबाइलवर आवाज वाजवू नये' असे वाक्य नाही. पण कलम २७ च्या चौथ्या पोटकलमात अभयारण्यातल्या वन्यप्राण्याला छळण्यास, सतावण्यास मनाई आहे. त्याच वाक्यात तिथे कचरा टाकण्यासही आहे.

तिसरे ठिकाण ठाण्याची खाडी. ऑगस्ट २०१५ मध्ये खाडीचे १,६९० हेक्टर क्षेत्र रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाले, त्यात साधारण निम्मे कांदळवन आणि निम्मे पाणी. २०२२ मध्ये ते रामसर स्थळांच्या यादीत गेले. ऐरोलीहून बोटीतून रोहित पाहायची सोय आहे. बोट भरतीच्या पाण्यावर चालते आणि रोहित ओहोटीच्या चिखलावर जेवतो. त्याचे ताट भरतीने झाकले जाते, म्हणून चिखल उघडा असतो तेवढ्या तासांत त्याला पोट भरावे लागते. जवळ जाऊन थवा उठवला की आपल्याला गुलाबी पंखांचे दृश्य मिळते आणि त्याचे जेवण मोडते. म्हणून बोटी किती, कोणत्या वेळी, किती अंतरावर, याला हिशेब हवा.

ही तिन्ही ठिकाणे पाहिल्यावर मला कायद्यातली खरी अडचण दिसली. आपला कायदा मुख्यतः रेघ ओढतो. रेघेच्या आत अभयारण्य, बाहेर मोकळे रान. जनावराची गरज मात्र रेघेपेक्षा वेळेची असते. काजव्याला दोन-तीन आठवड्यांचा अंधार हवा, रानपिंगळ्याला विणीचे महिने हवेत, रोहितला ओहोटीचे तास हवेत. आणि त्यांतल्या कोणालाही रेघ वाचता येत नाही. खाडीचे पक्षी अभयारण्याच्या हद्दीवर थांबत नाहीत. डोंबिवलीचे सातपूल, भोपरची टेकडी ही पक्षिनिरीक्षकांची आवडती ठिकाणे, पण तिथे फाटक नाही, परवाना नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये तर बिबट्या थेट कल्याण पूर्वेच्या एका इमारतीत शिरला होता.

रेघेबाहेर कायदा अगदीच मुका आहे असे नाही. कांदळवनांना मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालाने वनाचे संरक्षण आहे आणि भोवती पन्नास मीटरचा पट्टा राखायचा आहे. आणखी एक तरतूद वाचून मी दचकलो. कायद्याने 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या केली आहे, तिच्यात पक्ष्यांची किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी, घरटी विस्कळीत करणेही येते. आपल्याकडचे बहुतेक रानपक्षी अनुसूचीत आहेत. म्हणजे फोटोसाठी घरट्यासमोरच्या फांद्या तोडून ते उघडे पाडणारा माणूस भोपरला असो की भीमाशंकरला, त्याच्यावर शिकारीचा गुन्हा होऊ शकतो. त्याच्या हातात बंदूक असण्याची गरज नाही.

मग वेळेचा निर्बंध इतरांनी कसा घातला? नॉर्वेत उलटी तऱ्हा आहे. तिथे १९५७ च्या कायद्याने मोकळ्या रानात फिरण्याचा हक्कच मान्य केला आहे. पण १ एप्रिल ते २० ऑगस्ट कुत्रा मोकळा सोडायचा नाही, कारण तेव्हा पक्षी जमिनीवर अंडी घालतात, पिल्ले वाढवतात. अमेरिकेतल्या योसेमिटीत ससाण्यांच्या विणीच्या काळात, मार्चपासून साधारण जुलैच्या मध्यापर्यंत, ठरावीक कडे गिर्यारोहकांना बंद असतात. अख्खे उद्यान बंद होत नाही. कोणता कडा, कोणत्या पक्ष्यासाठी, केव्हापर्यंत हे आधी सांगितले जाते आणि पिल्ले उडाली की कडा खुला होतो. आपल्याकडे हे जसेच्या तसे आणता येणार नाही. तिथली विरळ वस्ती आणि आपल्या शनिवारच्या रात्री यांत फरक आहे. पण ज्या बंदीला कारण आहे आणि शेवट आहे ती पाळायला सोपी जाते, हे सूत्र इथेही लागू पडते.

आपल्याकडेही असा हिशेब झालेला आहे. जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभा क्षेत्रात पर्यटन थांबवले. ऑक्टोबरमध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वे आल्यावर बंदी उठली, पण पर्यटन गाभ्याच्या वीस टक्क्यांपुरते मर्यादित झाले. आकडा ठरला तरी वागणे ठरत नाही, हे ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात दिसले. पर्यटकांच्या गाड्यांनी वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट दोन्हीकडून अडवली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. पहिली कारवाई झाली ती गाडीचालक आणि मार्गदर्शकांवर, म्हणजे स्थानिकांवर.

इथेच माझे उरलेले भांडण आहे. निर्बंधाचा भार कोण उचलतो? काजव्यांच्या शनिवारी गर्दी रोखली की माझी एक सहल बुडते. साम्रद-मुरशेतच्या घरात मात्र पावसाळ्याआधीची मिळकत बुडते. कलम २७ ने गावकऱ्याला आत राहण्याची मोकळीक दिली, पोटाची हमी दिलेली नाही. म्हणून ठरावीक संख्येचा निर्बंध घालताना प्रवेशशुल्क ग्राम परिस्थितीकीय विकास समितीकडे जाणे, वाटाड्या गावातलाच असणे आणि तारखा महिनाभर आधी कळणे या गोष्टी उपकार म्हणून नकोत, निर्बंधाचाच भाग म्हणून हव्यात. ज्याला रान जपून चार पैसे मिळतात तो पायाखाली बघा म्हणून सांगतो. ज्याला फक्त गर्दीतून मिळतात त्याला गर्दीच हवी असते.

पाटीवर चार ओळी असाव्यात एवढेच माझे मागणे आहे. ही बंदी कोणासाठी, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या कलमाखाली आणि मोडल्याने नेमके काय बिघडते. पाण्याची पाटी वेगळी, घरट्याची वेगळी.

आमच्या गटाने आता मे-जूनमधला काजव्यांचा दौरा शनिवार सोडून मधल्या वारी ठेवला आहे. दहापेक्षा जास्त जण नसतात, विजेरीवर लाल जिलेटिन कागद असतो आणि गवतात कोणी उतरत नाही. गावातल्या ज्या घरी जेवतो तिथे रात्री नऊच्या आत परततो. ती रिकामी बरणी मात्र मी टाकलेली नाही. नवे मूल गटात आले की कसारा लोकलमध्ये ती त्याच्या हातात देतो आणि तिची गोष्ट सांगतो.