चित्राचें वजन कां बदलतें?

यवतमाळ जिल्ह्यांत वणी, पुसद, दारव्हा अशा तालुक्यांच्या गांवीं ऑनलाइन अर्ज भरून देणारीं केंद्रें आतां ठायीं ठायीं आहेत. अर्जाची मुदत संपत आली कीं तेथें तरुणांची दाटी होते, आणि एखाद्याचा अर्ज अडतो तो ज्ञानापायीं नव्हे, छायाचित्रापायीं. बँकांच्या नोकरभरतीची परीक्षा घेणारी आयबीपीएस ही संस्था उमेदवाराचें छायाचित्र २० ते ५० किलोबाइटांचें आणि सही १० ते २० किलोबाइटांची मागत आली आहे. छायाचित्राचें माप २०० बाय २३० पिक्सेल असावें, असें ती सुचविते. मोबाइलनें काढलेलें छायाचित्र मात्र तीन-चार मेगाबाइटांचें, म्हणजे मर्यादेच्या साठ ते ऐंशी पट, सहज असतें. तें ब्राउझरमधील एखाद्या साधनानें लहान करावें लागतें, आणि असें साधन बहुधा कॅनव्हास नांवाच्या सोयीवर चालतें. चित्र थोडेसें कातरलें, तरी बाहेर पडलेली फाइल मूळच्याहून मोठी निघाली, असा चमत्कार येथेंच दिसतो.

वास्तविक यांत चमत्कार कांहीं नाहीं. कॅनव्हास हा ॲपल कंपनीनें २००४ सालीं प्रथम आणलेला, ब्राउझरमधील चित्रफलक होय. त्यावर चित्र ठेवलें कीं मूळ फाइलीशीं त्याचा संबंध सुटतो. दाबून बांधलेली गाठ सोडून रुई अंगणांत पसरावी, त्याप्रमाणें चित्राचा प्रत्येक ठिपका मोकळा होतो आणि त्यास चार बाइट लागतात: लाल, हिरवा, निळा व पारदर्शकता यांस एकेक. १ कोटि २० लाख पिक्सेलांचें छायाचित्र अशा रीतीनें ४ कोटि ८० लाख बाइट व्यापतें. बाहेर काढतांना ही रुई नव्यानें बांधावी लागते. ती कोणत्या यंत्रावर, किती दाबानें बांधली, यावर नव्या गाठीचा आकार ठरतो. जुनी गाठ केवढी होती, हें त्या यंत्रास ठाऊकहि नसतें.

यंत्रें मुख्यतः दोन. पीएनजी हें प्रेसिंग: एक तंतूहि न टाकतां तें केवळ दाबतें. अक्षरें, रेघा, सपाट रंग यांस तें उत्तम. पण चेहऱ्यावरील सूक्ष्म छटा अशा दाबल्या जात नाहींत आणि फाइल फुगते. प्रकार न सांगितल्यास कॅनव्हास पीएनजीच देतो. पुष्कळशा फुगवट्याचें कारण एवढेंच. जेपेग हें जिनिंग. कापसांतून सरकी काढून सुमारें एकतृतीयांश रुई ठेवावी, तसें तें डोळ्यास फारसा न जाणवणारा तपशील वेगळा काढतें. चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलांचे चौकोन पाडून प्रत्येकांतील चढउतार कोसाइन लहरींच्या रूपांत मांडावयाचा आणि बारीक लहरी स्थूल आंकड्यांनीं उरकावयाच्या, ही त्याची रीत. या गणिताची कल्पना बंगळूरांत जन्मलेल्या नासिर अहमद यांनीं १९७२ सालीं मांडली व १९७४ सालीं नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह प्रसिद्ध केली. जेपेगचें मानक १९९२ चें. सरकीचें निदान तेल तरी निघतें; येथें टाकलेला तपशील कायमचा गेला. म्हणून तेंच चित्र लहान करून, पुन्हां उघडून, पुन्हां लहान करणें हें सर्वांत वाईट. फेरीगणिक चेहरा धूसर होतो, आणि परीक्षाकेंद्रावर ओळख पटवितांना तें उमेदवारासच भोंवतें.

जेपेगचा दाब शून्य ते एक यांमधील आंकड्यानें ठरतो. आंकडा एकाच्या जितका जवळ, तितका दाब कमी आणि फाइल मोठी. तो न दिल्यास ब्राउझर आपल्या मर्जीचा घेतो, बहुधा ०.९२. मोबाइलनें मूळ चित्र याहून अधिक दाबलेलें असेल, तर किंचित् कातरलेलें चित्रहि वजनानें वाढतें. कोणी ०.५ ऐवजीं ५० लिहिलें, तर तो आंकडा मुकाट्यानें दुर्लक्षिला जातो. ब्राउझरला न येणारा प्रकार मागितला, तर तो कुरकुर न करतां पीएनजी हातीं देतो. बांधणारें यंत्र प्रत्येक ब्राउझरचें निराळें, त्यामुळें एकच चित्र दोन ठिकाणीं दोन वजनांचें निघतें. आणि फाइल मजकुराच्या रूपांत काढली, तर दर तीन बाइटांचीं चार अक्षरें होतात. तो फुगलेला आंकडा पाहून घाबरण्याचें कारण नाहीं.

अर्जदारानें मूळ छायाचित्र घेऊन प्रथम माप २०० बाय २३० वर आणावें, मग जेपेग निवडून दाबाचा आंकडा खालींवर करावा. एवढ्या लहान चित्राची फाइल कधीं २० किलोबाइटांच्याहि खालीं जाते व नाकारली जाते. तेव्हां आंकडा वाढवावा. सहीची गोष्ट थोडी निराळी. पार्श्वभूमि पारदर्शक असलेलें चित्र जेपेग होतांना ती पारदर्शक जागा काळी होते, आणि काळ्या शाईची सही काळोखांत बुडते. फलक आधीं पांढऱ्या रंगानें भरला कीं ती दिसूं लागते.

मूळ फाइलींत छायाचित्र काढल्याची वेळ, कॅमेऱ्याचें नांव आणि मोबाइलनें नोंदविलें असल्यास स्थळहि असतें. कॅनव्हासांतून यांपैकीं कांहींच बाहेर येत नाहीं. नोकरीच्या अर्जास त्याची गरज नसते; पण अतिवृष्टीनें आडव्या झालेल्या कपाशीचें छायाचित्र घाटंजीकडील एखाद्या शेतकऱ्यानें पुरावा म्हणून काढलें असेल, तर लहान केलेली प्रत पाठविल्यावरहि मूळ फाइल त्यानें मोबाइलमध्यें राहूं द्यावी.