भिंतीच्या पोटातली गोष्ट

लातूर-नांदेडच्या खेड्यात जुन्या माणसाला घर केवढं म्हणून विचारलं, तर तो चौरस फुटांत सांगत नाही, खणांत सांगतो. चार लाकडी खांब, त्यांवर तुळया आणि खांबांच्या मधली जागा म्हणजे एक खण. पाच खणांची ओसरी, सात खणांचं माजघर, असा तो हिशेब. हे माप कागदावरून आलेलं नाही, हाताशी असलेल्या लाकडाच्या लांबीवरून आलेलं आहे. किनवटच्या जंगलातलं सागवान ज्याला परवडे त्याचा खण ऐसपैस. बाभळी-लिंबावर भागवणाऱ्याचा आखूड. त्यामुळे घराचं वर्णन ऐकणाऱ्याला त्यातलं लाकूड, घराचा आकार आणि घरमालकाची ऐपत एकदमच कळत असे.

वास्तुशिक्षणाबद्दल लिहायला बसल्यावर मला पहिल्यांदा हा खण आठवतो. आपल्या महाविद्यालयांत पहिल्या वर्षाचा विद्यार्थी रेघ मारायला शिकतो, मग संगणकावर आराखडा काढायला शिकतो, पण हातात वस्तू घेऊन आणि कानांनी गोष्ट ऐकून घर समजून घेण्याची वेळ त्याच्यावर फार उशिरा येते, कधी येतही नाही. मराठवाड्यात तर हे नुकसान दुप्पट आहे. इथलं घर शतकानुशतकं सांगूनच बांधलं गेलं आणि त्या सांगण्यातला एक दुवा निसटल्याची किंमत याच मातीत मोजावी लागली.

आधी माळवदाबद्दल. तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या, त्यावर पाला आणि सर्वांत वर पांढरी माती, असं हे सपाट छप्पर. उजेडासाठी आणि धूर जाण्यासाठी त्यात ठेवलेलं साणं. माती पांढरीच हवी, कारण शेतातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पांढरी माती मिळते ती गावच्या जुन्या वस्तीच्या टेकाडातून, ढासळलेल्या गढीतून. पूर्वजांच्या पडलेल्या भिंती अशा रीतीनं नातवंडांच्या डोक्यावर छप्पर होऊन येत. मृगाच्या आधी माळवदावर चढायचं, गवत उपटायचं, गेल्या पावसात कुठं गळलं होतं ते आठवायचं आणि तिथं नवी माती टाकून चोपायची. पाणी कुठं साचतं, पन्हाळीकडे उतार किती द्यायचा, हे कुठं लिहिलेलं नव्हतं. ते सासूनं सुनेला आणि गवंड्यानं पोराला सांगितलेलं होतं.

घरं आणि ठिकाणं सांगून जपायची मराठीची सवय माळवदापेक्षाही मोठी आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. गोदाकाठच्या गावागावांत घडलेल्या त्या लीळा आहेत. नांदेडच्या नृसिंहाचाही उल्लेख त्यांत येतो. पुढं महानुभावांनी ‘स्थानपोथी’ तयार केली. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यानं ती एकदा तरी उघडावी. स्वामी कोणत्या गावी कोणत्या देवळात राहिले, देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून होतं, मठ त्याच्या कोणत्या अंगाला होता, स्वामींचं आसन कोणत्या कोपऱ्यात होतं, अशा नोंदी तिच्यात गावोगाव चालत जातात. नकाशा एकही नाही, सगळा आराखडा वाक्यांत आहे. त्या वाक्यांच्या आधारे भाविकांनी जागा ओळखल्या, तिथं ओटे बांधले आणि आजही लोक त्यांना नमस्कार करायला जातात. मूळचं देऊळ पडलं, मठ नाहीसा झाला, तरी गोष्टीनं जागा धरून ठेवली.

जगभरच्या वास्तुकला महाविद्यालयांत इटालो काल्व्हिनो यांची 1972 साली आलेली ‘इनव्हिजिबल सिटीज’ ही कादंबरी वाचायला देतात. मार्को पोलो कुब्लाई खानाला शहरांच्या गोष्टी सांगतो आणि विद्यार्थ्यांनी त्यांतलं एखादं शहर कागदावर किंवा पुठ्ठ्यात उभं करायचं असतं. चांगलाच अभ्यास आहे. पण नांदेडच्या वर्गात काल्व्हिनोच्या शेजारी स्थानपोथीतलं एखादं पान का नसावं? तिच्यातलं शहर काल्पनिक नाही. बस पकडून तिथं जाता येतं, उरलेला ओटा मोजता येतो आणि वर्णनावरून काढलेलं चित्र जागेशी ताडून पाहता येतं. कल्पना आणि मोजमाप यांची अशी गाठ घालून देणारं दुसरं मराठी पुस्तक माझ्या माहितीत नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. त्यांत उंबरा आहे, ओसरी आहे, माहेरचं दार आहे. घराचा आराखडा बहुतेक पुरुषांनी ठरवला, पण घरात दिवस काढलेल्या बाईला ते कसं जाणवलं हे कळायला यापेक्षा मोठा साठा कुठं मिळायचा?

दगडात सांगितलेल्या गोष्टीही इथं आहेत. औसा तालुक्यातली खरोशाची लेणी सहाव्या शतकाच्या सुमारास जांभ्यात कोरलेली. अजिंठा-वेरूळसारखा कठीण काळा पाषाण कारागिरांना इथं मिळाला नाही. जांभा सच्छिद्र, बारीक नक्षी धरत नाही. त्यामुळे नृसिंह काय, शिव काय, आकार मोठे आणि ठसठशीत ठेवावे लागले. कोणत्या दगडात कोणती गोष्ट कशी सांगता येते, हे कुठल्याही व्याख्यानापेक्षा खरोशाला अर्धा दिवस उभं राहून जास्त कळेल. नांदेडचा सचखंड हुजूरसाहिब गुरुद्वारा महाराजा रणजितसिंहांनी 1832 ते 1837 या काळात उभारला. गुरु गोविंदसिंहांवर 1708 साली जिथं अंत्यसंस्कार झाले, ती जागा मध्यभागी ठेवून ही सारी वास्तू उभी आहे.

आता किल्लारी. 29 सप्टेंबर 1993 ला गणपती बोळवून गावं उशिरा झोपली. 30 तारखेच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी धरणी हलली. तीव्रता 6.2. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात सरकारी नोंदीप्रमाणे आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. त्या वेळच्या भूकंप नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. 2002 साली नकाशा बदलला, पहिला विभागच रद्द झाला आणि हा परिसर तिसऱ्यात गेला.

माणसं मेली ती घरांखाली. पडलेल्या भिंती पाहणाऱ्या अभियंत्यांना जे दिसलं ते वास्तुकलेच्या प्रत्येक मुलानं नीट समजून घेतलं पाहिजे. दोन-अडीच फूट जाडीची भिंत बाहेरून भक्कम दिसे, पण ती खरं तर दोन भिंती होत्या. बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, दोन्ही मातीत रचलेले आणि मधल्या पोटात चिपा आणि माती भरलेली. दोन्ही थरांना शिवणारा आरपार लांब दगड, ज्याला जोडदगड म्हणावं, तो बहुतेक ठिकाणी नव्हता. धक्का बसताच बाहेरचा थर रस्त्यावर कोसळला आणि आतला झोपलेल्या माणसांवर. वर माळवदाचं ओझं. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर दोन फूट माती असेल, तर तिचं वजन सुमारे नऊ टन भरतं. वर्षानुवर्षं गळती थांबवायला माती टाकत गेले, जुनी कुणी उतरवली नाही.

आणि तरी कितीतरी घरांत भिंती पडून लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा मात्र उभा राहिला. ज्या खणांवरून घर मोजलं जाई, ते खण टिकले. जुन्या गोष्टीतला अर्धा भाग खरा ठरला होता. सांगाडा नीट जोडायची विद्या सुतारानं पुढं दिली होती, जोडदगडाची विद्या मात्र वाटेत गळली. ती का गळली असावी, याचं उत्तर मला बाजारभावात दिसतं. दोन फूट लांब दगड फोडून घडवायला वडाराला मजुरी द्यावी लागते, शेतातले गोटे फुकट मिळतात. वरून गिलावा झाला की आत काय आहे ते दिसत नाही. पन्नास-शंभर वर्षं भूकंप आला नाही, की न दिसणाऱ्या दगडासाठी पैसे मोजायचं कारण कुणाला सांगता येत नाही.

भूकंपानंतर लोकांनी सगळा राग दगडावर काढला, आणि ते समजण्यासारखंच आहे. ज्या दगडाखालून आईला काढलं, त्याच दगडाचं घर पुन्हा कोण बांधेल? पत्र्याच्या शेडा आल्या, सिमेंटच्या ठोकळ्यांची घरं आली. 52 गावं नव्या जागी वसवली गेली. जमिनीच्या मालकीप्रमाणे 250 ते 750 चौरस फुटांपर्यंतची घरं, सरळ आखलेले रुंद रस्ते, घराघरांत अंतर. त्या काळी इतक्या वेगानं इतकं काम उभं राहिलं, याचं मोल कमी नाही. पण ओसरी गेली, बळद गेलं, गुरं बांधायची जागा गेली, बायकांना दुपारी निवांत बसायला आडोसा राहिला नाही. मग लोकांनी स्वतःच पुढं पडव्या काढल्या, कुडाच्या खोल्या जोडल्या, अंगणाला भिंत घातली. नव्या गावांतल्या या जोडण्या मला फार महत्त्वाच्या वाटतात. गावानं आपली राहण्याची रीत विटा-पत्र्यांत पुन्हा सांगायला घेतली होती आणि आराखडा काढणाऱ्यानं जे विचारलं नव्हतं, त्याचं ते उत्तर होतं.

जिथं गाव हलवायचं नव्हतं, तिथं जुन्या घरांची डागडुजी आणि मजबुतीकरण करायचं होतं. अशी घरं लाखाच्या वर होती. पैसे घरमालकाच्या हाती, सामान त्यानंच आणायचं, अभियंत्यांनी सल्ला द्यायचा, अशी योजना. या कामात प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ संस्थेनं गावातल्या बायकांना ‘संवाद सहायक’ केलं. भिंतीला आरपार भोक पाडून त्यात काँक्रीट भरायचं, म्हणजे जोडदगडाचं काम होतं. छताची माती उतरवून वजन कमी करायचं. खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरकस लाकूड ठोकायचं. दाराच्या वरच्या पातळीला सगळ्या भिंतींभोवती पट्टा फिरवायचा. इंजिनिअरच्या तोंडची ही भाषा घराघरांत पोचवायची, तर ती गावच्या बोलण्यात आणावी लागते. त्यासाठी शेजारीण लागते. तरीही पुष्कळांनी आलेल्या पैशात जुन्या घराशेजारी एक नवी पक्की खोली बांधली. दगडावरचा विश्वास सल्ल्यानं परत आला नाही. माझ्या मते तो डोळ्यांसमोर भिंत हलवून दाखवल्याशिवाय येणारही नव्हता.

कमी ताकदीच्या दगडी बांधकामासाठी भारतीय मानक 13828 निघालं ते त्याच 1993 सालात. आयआयटी कानपूरचे सी. व्ही. आर. मूर्ती यांनी पुढं सोप्या भाषेत चित्रांसह भूकंप-टिपा लिहिल्या, त्यांत दगडी भिंतीची टीप आहे: जाडी 45 सेंटिमीटरच्या वर नको, दर 60 सेंटिमीटर उंचीला आणि लांबीत 1.2 मीटरच्या आत जोडदगड हवाच. हे ज्ञान आज कुणालाही उपलब्ध आहे. आर्किटेक्चरचा प्रत्येक विद्यार्थी बांधकामाच्या शीटवर दगडी भिंतीचा छेद काढतो आणि त्यात जोडदगडही नेमका दाखवतो. पण शीटवर तो काही मिलिमीटरांचा चौकोन असतो. त्याचं वजन किती, तो उचलायला किती माणसं लागतात, वडार तो कसा फोडतो, तो वगळला तर गवंड्याची किती मजुरी वाचते, हे त्या चौकोनातून कळत नाही.

1993 सालीच अमेरिकेत अलाबामामध्ये सॅम्युएल मॉकबी आणि डी. के. रूथ यांनी ऑबर्न विद्यापीठाचा ‘रूरल स्टुडिओ’ सुरू केला. विद्यार्थ्यांनी एका गरीब ग्रामीण भागात राहायचं, तिथल्या कुटुंबांशी बोलायचं आणि त्यांच्यासाठी घर स्वतःच्या हातांनी बांधायचं. बांगलादेशात रुद्रपूरला अ‍ॅना हेरिंगर यांनी गावच्या लोकांबरोबर चिखल आणि बांबूची ‘मेटी’ शाळा बांधली, तिला 2007 साली आगाखान पुरस्कार मिळाला. दोन्हीकडे विद्यार्थी किंवा वास्तुकार ऐकायला आधी बसले आणि रेघ मागाहून मारली.

लातूर-नांदेडच्या मुलांना यासाठी अलाबामाला जायची गरज नाही. एका सत्राचं काम मला असं दिसतं. पहिले काही आठवडे फक्त ऐकायचं: किल्लारी, सास्तूर, मंगरूळ परिसरात जुनं घर आठवणाऱ्या एखाद्या आजीचं, निवृत्त गवंड्याचं, मजबुतीकरणाच्या काळात दारोदार फिरलेल्या बाईचं. ऐकलेल्या घराचं चित्र काढून त्यांनाच दाखवायचं आणि ते सांगतील तसं खोडायचं. मग महाविद्यालयाच्या आवारात गवंड्याच्या हाताखाली सहा फूट लांबीच्या दोन भिंती रचायच्या, दोन्ही मातीत, एकीत जोडदगड घालून, दुसरीत न घालता. ओळंबा आणि गुण्या मुलांच्या हाती हवा. गवंड्याला व्याख्यात्याइतकंच मानधन द्यावं, ही माझी ठाम मागणी आहे. दोन्ही भिंती चाकांच्या मजबूत फळीवर बांधता आल्या तर उत्तमच, कारण धक्का देऊन पाहता येतो.

यात अडचणी आहेत. चांगलं लाकूड महाग आहे, माळवद टाकणारे हात कमी होत चाललेत, सत्र लहान आणि अभ्यासक्रम मोठा. 1993 साली चाळिशीत असलेला गवंडी आता सत्तरी ओलांडून गेलाय. म्हणून ऐकण्याचं काम बांधण्याच्या आधी आणि याच वर्षी सुरू व्हायला हवं. प्रत्येक मुलाखतीसोबत घराचा खणाखणानं काढलेला आराखडा, मातीचा नमुना आणि भिंतीचा छेद विभागाच्या ग्रंथालयात ठेवावा. सत्र संपलं की भिंती थर-थर उतरवाव्यात, पोटात काय भरलं होतं ते मोजावं, फोटो काढावेत आणि जोडदगड बाजूला रचून ठेवावेत. पुढच्या तुकडीला ते लागतील.