एक्स्टेंशन बोर्ड का वितळला? व्होल्टेज, करंट आणि रेझिस्टन्स

आज कोडिंग नाही, आज वीज. मी सॉफ्टवेअरवाला, पण बीटेकच्या पहिल्या वर्षी बेसिक इलेक्ट्रिकल सगळ्यांनाच असतं. मलाही होतं, मार्कही चांगले पडले. आणि तरीही दुसऱ्या वर्षी होस्टेलच्या खोलीत मीच आग लावणार होतो.

थंडीचे दिवस. एकाच एक्स्टेंशन बोर्डवर पाणी तापवायचा रॉड आणि इस्त्री, दोन्ही चालू. दहा मिनिटांत जळकट वास. बघतो तर प्लग तपकिरी पडलेला, सॉकेट मऊ झालेलं. मेन स्विच बंद केला म्हणून निभावलं. नेमकं झालं काय?

आधी तीन शब्द. गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. टाकी जितकी उंच तितका पाण्याचा जोर, तो व्होल्टेज. पाइपातून दर सेकंदाला किती पाणी वाहतं, तो करंट. पाइप अरुंद असला की अडथळा, तो रेझिस्टन्स. व्होल्टेज बरोबर करंट गुणिले रेझिस्टन्स, हाच ओहमचा नियम. फक्त एक फरक लक्षात ठेवा: पाइप तुटला तर पाणी सांडतं, वायर तुटली तर करंट थांबतो. त्याला परत यायची वाटही लागते, म्हणून तर त्याला सर्किट म्हणतात.

आता आमचा हिशोब. घरातलं व्होल्टेज २३० व्होल्ट. रॉड १५०० वॉटचा. वॉट भागिले व्होल्ट म्हणजे करंट, साधारण ६.५ अँपिअर. इस्त्री १००० वॉटची, साधारण ४.३ अँपिअर. बोर्डवरची सॉकेट्स पॅरलल असतात: व्होल्टेज प्रत्येकाला पूर्ण मिळतं, पण करंटची बेरीज होते. झाले जवळपास ११ अँपिअर. आणि बोर्डवर लिहिलेलं होतं ६ अँपिअर!

मग एमसीबी का पडला नाही? कारण तो १६ अँपिअरचा होता. त्याच्या दृष्टीने ११ म्हणजे सगळं ठीक. भिंतीतली वायर तो सांभाळत होता, आमचा स्वस्तातला बोर्ड नाही.

त्यात प्लग ढिला. ढिल्या जोडावर रेझिस्टन्स वाढतो. समजा फक्त अर्धा ओहम. उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स: ११ गुणिले ११ गुणिले ०.५, म्हणजे सुमारे ६० वॉट. जुन्या पिवळ्या बल्बइतकी उष्णता, एका छोट्याशा पिनवर! करंट निम्मा केला असता तर उष्णता पाव झाली असती. हा वर्ग मी परीक्षेत शंभरदा लिहिला होता, प्लगकडे बघताना एकदाही आठवला नाही.

आणखी एक. शॉकपासून एमसीबी वाचवत नाही. माणसाच्या जिवाला मिलीअँपिअरमध्ये मोजला जाणारा करंटही महागात पडू शकतो. त्यासाठी आरसीसीबी असतो, घरात साधारण ३० मिलीअँपिअरचा. गेलेला आणि परतलेला करंट जुळला नाही की तो लगेच सप्लाय तोडतो. म्हणून रॉड बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालून बघू नका.

आजचा गृहपाठ सोपा आहे. तुमच्या एक्स्टेंशन बोर्डवरचा अँपिअरचा आकडा वाचा. मग त्यावर लावलेल्या वस्तूंचे वॉट मिळवा आणि २३० ने भागा. उत्तर आकड्यापेक्षा जास्त आलं, तर आत्ताच एक प्लग काढा. एपिसोड नंतर ऐका, मी इथेच आहे!