पैलवानाचा जमाखर्च

यात्रांचा हंगाम जवळ आला की कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या गावोगावी चहाच्या टपऱ्यांवर मैदानाची पोस्टरं लागतात. वर ग्रामदैवत, त्याखाली पुढाऱ्यांचे फोटो, मग एक नंबरची कुस्ती, दोन नंबरची, तीन नंबरची आणि प्रत्येकीपुढे इनामाचा आकडा. लाख, दोन लाख, कधी त्याहून मोठा. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की याशिवाय शंभर चटकदार कुस्त्या होतील. त्या शंभर कुस्त्यांत जी पोरं लढतात, त्यांचं घर कसं चालतं याचा हा हिशेब.

आधी खर्च, कारण तो कमाईच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होतो. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या कोल्हापूरच्या तालमींत दहा-बारा वर्षांचा पोरगा वळकटी आणि पत्र्याची ट्रंक घेऊन येतो. तो करवीर किंवा कागल तालुक्यातलाच असतो असं नाही. सोलापूर, लातूर, बीडकडून येतो, सीमाभागातूनही येतो. राहण्याचा खर्च किरकोळ. वस्ताद शिकवण्याचे म्हणून फारसं काही घेत नाहीत. पठ्ठा नाव काढील ही त्यांची अपेक्षा. पहाटे उठून जोर, बैठका, सपाट्या, मग मातीच्या हौदात लढत, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा मेहनत. या दिनक्रमात नोकरीला जागा नाही आणि धड शाळेलाही नाही. अंग कमवणं हेच काम, आणि त्या कामाचा कच्चा माल म्हणजे खुराक.

खुराकाचा हिशेब कागदावर मांडून बघा. ऐंशी-नव्वद किलोच्या, लढत्या वयाच्या पोराला दिवसाला तीन लिटर म्हशीचं दूध लागतं. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हैस समोर पिळून मिळणारं धारोष्ण दूध हे तर या शहराचं वैशिष्ट्यच. लिटरला ७५ रुपये धरले तर महिन्याचे ६,७५० झाले. थंडाईसाठी रोज शंभर ग्रॅम बदाम, म्हणजे महिन्याला ३ किलो, साधारण अडीच हजार. तूप ३ किलो, सव्वादोन हजार. रोज सहा अंडी, साडेबाराशेच्या घरात. आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा किलो मटण, सगळं मिळून तीन हजारांवर. केळी आणि हंगामी फळं, दीड हजार. इथवर साडेसतरा हजार झाले. त्यात जेवणाचं धान्य किंवा खाणावळ, खसखस, मगजबी, वेलदोडे, मालिशचं तेल आणि गाडीभाडं घाला. वीस हजारांच्या आत महिना बसत नाही. लहान पोराचं निम्म्यात भागतं, पण पोर दरवर्षी वाढतं आणि खुराकही त्याच्याबरोबर वाढतो.

वीस हजारांनी वर्षाचे २ लाख ४० हजार झाले. आता हेच शेतात मोजू. एकरी ४० टन ऊस आणि टनाला ३,००० रुपये धरले, तर एकराचं बिल होतं १ लाख २० हजार. म्हणजे दोन एकर उसाचं अख्खं बिल एका पैलवानाच्या पोटात जातं, आणि तेही लागण, खत, पाणी, तोडणी यांतलं काहीच वजा न करता. ज्याच्याकडे दोन एकर नाहीत तो बाप दारातल्या म्हशीचं दूध डेअरीला न घालता पोराला पाठवतो, सोसायटीचं कर्ज काढतो, नाहीतर हमाली करतो. पैलवानाचा पहिला प्रायोजक त्याचा बाप असतो, आणि त्याचा फोटो पोस्टरवर कधीच नसतो.

आता कमाई. मैदानातल्या कुस्त्या दोन तऱ्हांनी ठरतात. वरच्या नंबरच्या कुस्त्या आधीच नेमलेल्या असतात. यात्रा कमिटी वस्तादांशी बोलते, जोड पक्की होते, इनाम कुणाच्या तरी स्मरणार्थ कुणीतरी पुरस्कृत करतो. बाकीच्या कुस्त्या मैदानावरच जोडल्या जातात. लांगोटा घातलेली पोरं हौदाच्या कडेला उभी असतात. पंच दोघांचे हात धरून खांद्याला खांदा लावतात, उंची-वजनाचा अंदाज नजरेनेच घेतात आणि आकडा पुकारतात. अगदी चिमुरड्यांना रेवड्या किंवा नारळ, त्यावरच्यांना पन्नास-शंभर, मग पाचशे, हजार, दोन हजार. पैसा गावाच्या वर्गणीतला. हलगी घुमायला लागली की जिंकलेला पोरगा मैदानाला फेरी मारतो आणि शौकीन खिशातून दहा, वीस, शंभराच्या नोटा काढून त्याच्या हातात ठेवतात. या फेरीची मिळकत कधी कधी इनामापेक्षा जास्त भरते. फेरीच्या या पैशाबद्दल मला आदर आहे. तो देणाऱ्याने कुस्ती डोळ्यांनी बघितलेली असते.

एकोणीस वर्षांच्या, बऱ्यापैकी चालणाऱ्या पोराचं उदाहरण घेऊ. मैदानांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो, चैत्रात भरात येतो आणि पावसाबरोबर संपतो. एवढ्या अवधीत त्याने पंचवीस मैदानं केली आणि दर मैदानाला सरासरी दोन हजार मिळवले असं धरलं, तरी वर्षाची कमाई पन्नास हजार. चार-पाच जणांनी मिळून केलेल्या गाडीचं भाडं त्यातूनच जातं. खर्च २ लाख ४० हजार आणि जमा पन्नास हजार, आणि हे चांगल्या पोराचं वर्ष.

मग हा तोटा कुठे भरून निघतो? नाव झाल्यावर. पैलवानाचा भाव त्याने कुणाला पाडलं आणि तो कुणाकडून पडला यावर ठरतो. एखाद्या नामांकित मल्लाला घिस्सा किंवा ढाक लावून चीतपट केलं, की पुढच्या मैदानात पोरगा तीन पायऱ्या वर चढतो. हे उलटही होतं. पडला की आकडा उतरतो. म्हणून वरच्या कुस्त्यांमध्ये दोघेही सावध लढतात, अर्धा-अर्धा तास नुसती खडाखडी चालते आणि शेवटी पंच बरोबरीत सोडवतात. लोक ‘नुरा कुस्ती’, म्हणजे आधी ठरवून केलेली, म्हणून ओरडतात. नुरा होतच नाही असं मी म्हणणार नाही, पण पुष्कळदा ती नुसती भीती असते. एका डावावर दोन हंगामांची कमाई टांगलेली असेल, तर कुणीही आधी पाठ सांभाळेल. निकाली कुस्तीला पूर्ण इनाम आणि बरोबरीला कमी, अशी पद्धत अनेक मैदानांत आहे. पोस्टरवरचा आकडा आणि हातात पडणारा आकडा यांत त्यामुळेही फरक पडतो.

ही रचना फक्त आपल्याकडची नाही. इंग्लंडात नवा व्यावसायिक मुष्टियोद्धा लहान हॉलमध्ये लढायला उतरतो, तेव्हा तिकिटं त्यालाच मित्र-नातेवाइकांत खपवावी लागतात. त्या विक्रीतून प्रतिस्पर्ध्याचं मानधन भागतं आणि उरलं तर त्याचं स्वतःचं. असे नवखे बिचारे दिवसा बांधकामावर किंवा गोदामात काम करतात आणि रात्री सराव करतात. तिथे तिकीट, इथे वर्गणी. नवख्याचा भार दोन्हीकडे त्याच्या ओळखीच्या माणसांवरच.

कोल्हापुरात मात्र एके काळी हा भार राज्याने उचलला होता. राजर्षी शाहू महाराजांनी तालमी उभ्या केल्या, मल्लांना दरबारातून खुराक दिला, देशभरातले नामांकित पैलवान इथे आणले. १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचं प्राचीन क्रीडागार बघून आल्यावर त्यांनी खासबाग मैदान बांधायला घेतलं, ते १९१२ मध्ये पुरं झालं. १९४९ मध्ये संस्थान विलीन झालं आणि हा आश्रय आटला. तीन वर्षांनी हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायला खाशाबा जाधवांना दारोदार पैसे गोळा करावे लागले. राजाराम कॉलेजचे माजी प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं आणि १९५५ मध्ये ते पोलिसात फौजदार म्हणून लागले. वैयक्तिक ऑलिंपिक पदक जिंकणाऱ्या स्वतंत्र भारताच्या पहिल्या खेळाडूलाही पोटासाठी नोकरीच करावी लागली.

दरबाराची जागा पुढे थोडीफार सहकारी साखर कारखान्यांनी घेतली. कागलचा शाहू कारखाना वजनगटांनुसार स्पर्धा भरवून निवडलेल्या मल्लांना मानधन देतो. वारणानगरला तिथल्या कारखान्याचे संस्थापक तात्यासाहेब कोरे यांच्या स्मृतीत दर डिसेंबरला मोठं मैदान भरतं. या दोन गोष्टींत मला पहिली जास्त मोलाची वाटते. मैदान एका दिवसात संपतं. दरमहा ठरलेली रक्कम आली तर बापाला दुधाचं बिल भागवता येतं.

सरकारचा हात पोचतो तो शिखरावर पोचलेल्यांपर्यंत. नरसिंग यादव (२०११ ते २०१३) आणि विजय चौधरी (२०१४ ते २०१६) यांनी तीन-तीनदा महाराष्ट्र केसरी जिंकली आणि दोघेही पोलीस उपअधीक्षक झाले. जुन्या नामांकित मल्लांना मासिक मानधन आहे, आणि ते वाढवण्याची घोषणा जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या वेळी झाली. त्या स्पर्धेत शिवराज राक्षेला चारचाकी आणि पाच लाख मिळाले. त्याआधीच्या वर्षी साताऱ्यात कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटलाने किताब जिंकला, तेव्हा गदा मिळाली पण रोख रक्कम नाही म्हणून राज्यभर चर्चा झाली होती. अव्वल मल्लाची ही गत, तर पाचशेच्या कुस्तीवाल्याने कुणाकडे दाद मागायची?

बाकीच्यांना नोकरीची वाट मॅटवरून जाते. लष्कर, रेल्वे, पोलीस आणि सरकारी भरतीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण, या सगळ्यांना लागतं ते मान्यताप्राप्त स्पर्धेचं प्रमाणपत्र. मातीतल्या मैदानाचा सत्कार-फेटा तिथे चालत नाही. मात्र रोख पैसा मातीतच आहे. त्यामुळे पोरगा आठवडाभर मॅटवर गुणांची कुस्ती शिकतो आणि रविवारी गावच्या मातीत चीतपटीची लढतो. दोन्हीकडचे नियम वेगळे, श्वासाचा हिशेब वेगळा, आणि शरीर एकच.

ते शरीर मोडलं तर सगळंच थांबतं. गुडघ्याचा अस्थिबंध तुटला की शस्त्रक्रियेला लाखाच्या पुढे खर्च येतो आणि वर्ष वाया जातं. गावच्या मैदानात विमा जवळपास नसतोच. २०२० आणि २०२१ मध्ये करोनाने यात्राच बंद पाडल्या, तेव्हा ओळीने दोन हंगाम बुडाले. तालमी ओस पडल्या, पोरं गावाकडे जाऊन शेतमजुरीला लागली. त्यांतली काही पुन्हा हौदात उतरलीच नाहीत.

यात्रा कमिट्यांना हे सगळं काही परकं नाही. त्यांच्यातले निम्मे स्वतः कधीतरी लांगोट लावलेले असतात. म्हणून त्यांच्यापुढे एक साधा हिशेब ठेवतो. वरच्या एका मोठ्या इनामातून पंचवीस हजार बाजूला काढले, तर जागेवर जोडलेल्या पन्नास कुस्त्यांचं इनाम पाचशे-पाचशेने वाढतं. तेवढ्यावर न थांबता लढणाऱ्या प्रत्येक पोराचा त्या दिवसापुरता अपघात विमा उतरवावा, आणि हरलेल्यालाही गाडीभाडं द्यावं. पुढच्या वर्गणीच्या बैठकीत हा विषय कुणीतरी काढा.